मामंजी म्हणतात, भाजूनच घालतोय की!

पत्र काय आहे ते आधी थोडक्यात सांगतो, नावगाव काढून. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. बचत गटाचं कर्ज काढून परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे जपानी लावे आणले, एक दिवसाची पिल्लं. पहिले दहा दिवस दुकानातलं ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या अगदी लहान पिल्लांचं तयार खाद्य, घातलं. मग सासरे म्हणाले, एवढं महागाचं खाद्य कशाला, सोयाबीनला भाव नाही म्हणून घरात पोती पडून आहेत, तेच भाजून मक्याबरोबर दळून घालूया. तेव्हापासून पिल्लं खातात बख्खळ पण अंगाला लागत नाही. तीन आठवड्यांची झाली तरी ५५-६० ग्रॅम, आणि चंदगडला मावसबहिणीकडं त्याच हॅचरीची त्याच दिवशी आलेली पिल्लं शंभरीला टेकलीत. विष्ठा पातळ आणि चिकट, पायाला गोळे झालेत. आतापर्यंत बत्तीस मेली. मिस्टर म्हणतात हॅचरीवाल्यानं बाद माल दिला. सासरे म्हणतात लावा रानातला पक्षी, काहीबी खाऊन जगतोय, तुमचीच निगा कमी. ताईंचा प्रश्न असा की सोयाबीन बंद करू का, केलं तर सासऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की हे सगळं गुंडाळूनच टाकू?

ताई, तुमच्या घरात तीन माणसं आणि तिघांनी तीन वेगळे गुन्हेगार धरलेत. दाजींनी हॅचरी धरली, मामंजींनी तुम्हाला धरलं आणि तुम्ही सोयाबीनला. मी सतरा वर्षं एका फीड मिलमध्ये माल तपासायचं काम केलंय, त्यामुळं माझा पण हात पहिल्यांदा सोयाबीनकडंच गेला असता, पण तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय म्हणून थांबलो. ते पान परत एकदा बघा. बत्तीसपैकी तेवीस पिल्लं पहिल्या सहा दिवसांत गेलीत, आणि सोयाबीन तर तुम्ही अकराव्या दिवसापासून घालायला लागला. म्हणजे त्या तेवीस जिवांशी सोयाबीनचा काही संबंध नाही. ती गेली उबेत नाहीतर पाण्यात. लाव्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा ७ ते ९ ग्रॅमचं असतं हो, एक रुपयाची दोन नाणी ठेवली तर तेवढं वजन, त्याला पहिल्या आठवड्यात ३५-३७ अंश ऊब लागते आणि आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीकडनं वारं सुटलं की पत्र्याच्या शेडमध्ये एका बल्बनं ती मिळत नाही. आणि कोंबडीच्या पिल्लांचं पाण्याचं भांडं ठेवलं असेल तर त्यातच बुडून मरतात, भांड्यात गोट्या नाहीतर धुतलेले खडे टाकायचे असतात म्हणजे चोच जाईल एवढंच पाणी उघडं राहतं. हे पुढच्या बॅचला करा, त्यावर आता जास्त लिहीत नाही.

राहिलेल्यांची वाढ खुंटली, तो मात्र वेगळा विषय आहे. मरणं आणि खुंटणं ह्या दोन गोष्टी एकत्र केल्या की डोकं चालत नाही. नीट न शिजलेलं सोयाबीन पक्ष्याला सहसा मारत नाही, ते त्याला तसंच ठेवतं, खातोय, हगतोय, हिंडतोय, पण वजनकाटा काही हलत नाही. तुमच्या पत्रात नेमकं हेच लिहिलंय. आणि हॅचरीचं म्हणाल तर तुमच्या मावसबहिणीची पिल्लं त्याच ट्रेमधनं आलीत आणि वाढलीत, तेव्हा दाजींना सांगा की हॅचरीवाल्याला फोन करून शिव्या घालायचं तेवढं थांबवा.

आता मामंजींचं ते वाक्य, जे मी वर मथळ्याला घेतलंय. भाजूनच घालतोय की! ह्यात त्यांची चूक आहे असं मला चटकन म्हणवत नाही, कारण त्यांना एवढं माहीत आहे की कच्चं घालायचं नसतं, आणि हे अर्ध्या तालुक्याला माहीत नसतं. कच्च्या सोयाबीनवर जनावर नीट वाढत नाही आणि शिजवलं की वाढतं हे १९१७ साली अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल ह्या दोघांनी उंदरांवर दाखवलेलं आहे, शंभर वर्षं होऊन गेली. कारण नंतर कळलं. सोयाबीनच्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं प्रथिन असतं. पोटात प्रथिनं फोडायचं काम ट्रिप्सिन करतं, हे जाऊन त्यालाच मिठी मारून बसतं. मग स्वादुपिंडाला वाटतं पाचक रस कमी पडला, ते अजून सोडतं, अजून सोडतं, आणि राबून राबून स्वतःच सुजल्यासारखं मोठं होतं. ह्यात गंमत अशी, म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीनं गंमत नाहीच, की तो पाचक रस बनतो गंधक असलेल्या अमिनो आम्लांवर (प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ते), मिथिओनिन आणि सिस्टिन, आणि सोयाबीनमध्ये नेमकं मिथिओनिनच कमी असतं. म्हणजे आधीच तुटपुंजं, त्यातलं परत विष्ठेतनं बाहेर. पिसं त्याच्यावरच बनतात, म्हणून अशा पिल्लांची पिसं पण उशिरा आणि विस्कटलेली येतात. शिवाय लेक्टिन म्हणून अजून एक असतं, ते आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतं. ह्या दोन्हींना उष्णता सोसत नाही. मात्र सोयाबीनमधल्या काही साखरा उष्णतेनं जात नाहीत, त्या न पचता पुढं जातात आणि विष्ठा चिकट करतात, म्हणून चांगल्या शिजलेल्या सोयाबीनवरसुद्धा पिल्लांखाली पसरलेला तूस कोरडा ठेवायला लागतो आणि पायाचे गोळे कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवायला लागतात. ओढून काढू नका, बोट निघून येतं.

पण भाजण्यातच खरी मेख आहे. तुम्ही लिहिलंय मामंजी अंगणात चुलीवर मोठ्या कढईत दहा मिनिटं परततात, दाण्यावर काळे डाग पडले की उतरवतात. त्यातले पाच-सहा दाणे घ्या आणि अडकित्त्यानं मधोमध फोडा. माझा अंदाज आहे वरनं करपलेला आणि आतनं पिवळट, चावला तर कच्च्या शेंगेसारखी उग्र चव. कोरडा दाणा, मोठा जाळ, थोडा वेळ, असं केलं की उष्णता आत पोचायच्या आधी वरचं जळतं. आणि जळण्याचा पण तोटाच आहे. प्रथिन जास्त तापलं की त्यातलं लायसिन, हे पण एक अमिनो आम्लच, साखरेबरोबर बांधलं जातं, भाकरी करपते तसाच तो तपकिरी रंग, आणि बांधलेलं लायसिन पक्ष्याला मिळत नाही. म्हणजे तुमच्या कढईतल्या एकाच दाण्यात दोन्ही दोष, बाहेरचं लायसिन गेलं आणि आतलं इनहिबिटर राहिलं. जास्त भाजलं म्हणजे जास्त चांगलं असं काही नसतं, आमच्या मिलमध्ये पण नवीन ऑपरेटर हीच चूक करायचा, मीसुद्धा पहिल्या वर्षी एक अख्खी गाडी माल वासावरनं पास केला होता आणि तो निघाला करपका, तीन शेडवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

हे घरात तपासता येतं, आणि मामंजींच्या समोरच तपासा. झाकणाच्या तीन बरण्या घ्या. एकीत कच्चं सोयाबीन दळून दोन चमचे, दुसरीत मामंजींनी भाजलेलं, तिसरीत दुकानातली तेल काढलेली सोया पेंड, डीओसी म्हणतात ती, सगळं सारखंच बारीक. प्रत्येकीत शेतात टाकतो तो युरिया एक चमचा आणि अर्धा पेला कोमट पाणी, हलवा, झाकण लावा, अर्धा तास तशीच ठेवा. झाकणाच्या आतनं हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागदाचा ओला तुकडा चिकटवला तर अजून बरं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज असतं, ते युरियाचा अमोनिया करतं. कच्च्याची बरणी उघडली की नाकात झिणझिण्या येतील आणि हळदीचा कागद लालसर होईल. पेंडीच्या बरणीत काही नाही, नाहीतर अगदी किंचित. आता मामंजींची बरणी कुणासारखी वागते ते बघायचं. युरिएज आणि ट्रिप्सिन इनहिबिटर साधारण एकाच तापाला मोडतात, म्हणून लॅबवाले पण युरिएजच बघतात, त्यांच्याकडं सामू (pH) किती चढला ते मोजतात, ०.०५ ते ०.२० चढला तर माल ठीक आणि ०.३० च्या वर गेला तर कच्चा. फक्त एक लक्षात ठेवा, ही परीक्षा कच्चं राहिलंय का एवढंच सांगते. करपलेल्याला पण वास येणार नाही. करपलेलं डोळ्यानं ओळखायचं, चांगली पेंड फिकट सोनेरी असते, भाजक्या दाण्यांसारखा वास, आणि तांबूस-काळपट झाली की समजायचं.

आता घरचंच वापरायचं असेल तर कसं? सगळ्यात बिनधोक म्हणजे रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात उकळी आल्यापासून अर्धा तास शिजवायचं. भिजलेल्या दाण्यात उष्णता आतपर्यंत जाते, कोरड्यात जात नाही, सगळा फरक तिथंच आहे. मग कडकडीत वाळवून दळायचं. पण ताई, खानापूरच्या पावसाळ्यात तुम्ही हे वाळवणार कुठं? अर्धवट वाळलेलं सोयाबीन पोत्यात भरलं की चार दिवसांत बुरशी, आणि बुरशीचं खाद्य कच्च्यापेक्षा वाईट. म्हणून जून ते सप्टेंबर हा मार्ग तुमच्यासाठी बंदच समजा. दुसरा मार्ग आपल्याकडं आहे आणि कुणी वापरत नाही, चिरमुऱ्याची भट्टी. तापलेल्या वाळूत दाणा सगळीकडनं सारखा तापतो, कढईसारखा एका बाजूनं नाही. भट्टीवाल्याला सांगायचं मंद ठेव, थोडं थोडं घे, हलवत रहा. आणि भाजून झालं की पसरून गार करायचं नाही, गरम गरमच ढीग करून वर गोणपाट टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं, तेवढ्या वेळात बाहेरचा ताप आतपर्यंत मुरतो. हे झाकून ठेवणं बहुतेक जण विसरतात. मग परत बरणीची परीक्षा. आणि दळायचं ते आठवड्यापुरतंच, कारण घरच्या सोयाबीनमध्ये १८-२० टक्के तेल असतं, दळून ठेवलं की खवट होतं. लाकडी घाण्याची पेंड कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर ती शिजलेली आहे असं धरू नका, तो घाणा तापतच नाही.

बरं, समजा भाजणं एकदम फर्स्ट क्लास जमलं. तरी अजून एक गोष्ट राहते आणि ती मला तुमच्या पत्रात भाजण्याइतकीच खटकली. तुम्ही लिहिलंय साठ किलो मका आणि चाळीस किलो सोयाबीन, दुकानदारानं पेंडीचं जे प्रमाण सांगितलं तेच. पण पेंडीतनं तेल काढलेलं असतं म्हणून तिच्यात प्रथिन ४४ ते ४८ टक्के, आणि अख्ख्या दाण्यात ३६ ते ३८. हिशेब करून बघा. मक्यातनं येणारं प्रथिन सव्वापाच-साडेपाच किलो धरलं तर पेंडीबरोबर शंभर किलोत चोवीसच्या आसपास प्रथिन येतं, दाण्याबरोबर जेमतेम वीस. वाढत्या लाव्याला २४ टक्क्यांच्या खाली नको, पहिले तीन आठवडे तर काही जण २७ पर्यंत सांगतात, त्याची भूक कोंबडीच्या पिल्लापेक्षा मोठी आहे. शिवाय त्यात मिनरल मिक्श्चर नाही, व्हिटॅमिन नाही, डीसीपी म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसची पूड नाही, मीठ नाही, मिथिओनिन नाही. मका आणि सोयाबीन म्हणजे पिठलं-भाकरी हो, पोट भरतं, पण पाच आठवड्यांत वीसपट-पंचवीसपट व्हायचंय त्याला. शंभर किलोला दीडशे ग्रॅमभर डीएल मिथिओनिन आणि मापाचं प्रीमिक्स म्हणजे व्हिटॅमिन-मिनरलचं तयार मिश्रण, ह्याच्याशिवाय घरचं खाद्य करूच नका.

मामंजींचं ते रानातल्या पक्ष्याचं म्हणणं पण जरा तपासूया. आपल्या माळावर भुर्रकन उडतात ते लावे वेगळे, ते पकडायला कायद्यानं बंदी आहे. तुमच्या शेडमधला जपानी लावा १९७४ साली बरेलीजवळ इज्जतनगरला आणला गेला, तिथनं निवड करत करत देशभर पसरला, कन्नडात गौजल हक्की म्हणून विकतात तो. रानातला लावा दिवसभर किडे टिपतो, मुंग्या खातो, आणि त्याला पाच आठवड्यांत १८०-२०० ग्रॅम व्हायची काही घाई नसते. तुमच्याला आहे, कारण ढाबेवाला त्याच्यासाठी थांबलाय. पिंजऱ्यातला पक्षी तुम्ही जे टाकाल तेच खाणार, त्याला दुसरं काही शोधता येत नाही.

मग मामंजींना सांगायचं कसं. मला वाटतं सांगूच नका. तुम्ही सून, ते घरातले मोठे, आणि सोयाबीन त्यांनी घाम गाळून पिकवलेलं, ह्यावर तुम्ही तोंडानं काहीही बोललात तरी ते सोयाबीनवर न राहता मानापमानावर जाणार. त्याऐवजी हिशेब मांडा. एक लावा पाच आठवड्यांत साधारण अर्धा किलो खाद्य खातो. दोनशे लावे म्हणजे शंभर किलो, सांडलवंड धरून थोडं जास्त. त्यात सोयाबीन चाळीस किलो. एवढंच. तुमच्या घरातलं सगळं भांडण चाळीस किलो सोयाबीनवरनं चाललंय, एक अख्खं पोतं पण नाही! हे चाळीस किलो विकले आणि त्या पैशात पेंड घेतली तर किती वरखाली होतं ते त्या दिवशीच्या भावानं मामंजींनाच काढू द्या, त्यांना बाजार तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, बाजारात त्याच्या खाली विकायला लागलं हा त्यांचा राग खरा आहे, पण तो राग लाव्यांच्या पोटात घालून भरून निघत नाही. आणि दुसऱ्या बाजूला लिहा, दीडशे पक्षी दोन आठवडे उशिरा विकले तर त्यांनी जास्तीचं किती खाल्लं.

हिशेब पटला नाही तर वजनकाटा. पुढच्या बॅचला मामंजींसाठी वीस पिल्लं वेगळी काढून द्या, त्यांचं सोयाबीन, त्यांची भट्टी, त्यांचं दळण, आणि शेजारच्या कप्प्यात वीस पेंडीवर. ऊब सारखी, पाणी सारखं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्हीकडची दहा-दहा पिल्लं एका डब्यात घालून वजन करायचं आणि वहीत लिहायचं, लिहायला मामंजींनाच सांगा. कदाचित असं पण होईल की भट्टी आणि प्रीमिक्स जमलं आणि त्यांची पिल्लं पेंडीवाल्यांच्या जवळपास आली. मग मोठ्या पक्ष्यांना तरी घरचं घाला, मोठा पक्षी हे पिल्लापेक्षा बरं सोसतो. मी काही सोयाबीनच्या विरोधात नाही.

आत्ता शेडमध्ये आहेत त्यांचं काय? उद्यापासून तीन-चार दिवसांत हळूहळू बदलत परत ब्रॉयलर प्री-स्टार्टरवर आणा. त्यात प्रथिन २२-२३ असतं, लाव्याला जरा कमीच, पण अमिनो आम्लं मापात असतात. खडा मोठा वाटला तर मिक्सरमधनं एक फेरा द्या. पोत्यावरचं लेबल कन्नडात असेल आणि वाचता येत नसेल तर पोरांना वाचायला लावा, त्यांना शाळेत असतंच. पक्षी सगळी कसर भरून काढतील असं सांगत नाही, पण बरीच काढतील, ढाबेवाल्याला आठ-दहा दिवस उशीर होईल असं आजच सांगून ठेवा. मधे एखादा मेला तर टाकायच्या आधी कापून बघा, पोटातल्या आतड्याच्या पहिल्या वेटोळ्यात फिकट गुलाबी पट्टी असते ते स्वादुपिंड, मावसबहिणीकडच्या पक्ष्याचं कधी बघायला मिळालं तर तुमच्याकडचं मोठं झालंय का ते ताडून बघा. आणि एका दिवसात चार-पाच मरायला लागले तर ताजा मेलेला घेऊन सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात, तिथं सोयाबीनचा विचार सोडून द्या, रोग असू शकतो. खाद्याचं शिकायचं असेल तर जिल्ह्यात मत्तीकोप्पला आणि तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गटाच्या बायका मिळून जा, एकटीनं जाण्यापेक्षा बरं पडतं.

बंद करायचं का, तर पहिल्या बॅचवर ठरवू नका. तेवीस पिल्लं पाण्या-उबेत गेलीत आणि राहिलेली खाद्यात अडकलीत, दोन्हीचं कारण सापडलंय. तिसरी बॅच पण अशीच गेली तर मग कर्जाचा हप्ता डोळ्यासमोर ठेवून बसूया आणि बोलूया.

आणि घरी म्हैस आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, म्हणून सांगतो. युरिया प्रक्रिया केलेला पेंढा किंवा युरिया घातलेली चाटण वीट देत असाल तर तिला त्याबरोबर कच्चं सोयाबीन दळून घालू नका, बरणीत जो अमोनिया झाला तोच तिच्या पोटात होतो. परीक्षेच्या बरण्यांतलं पाणी पण परसात जनावराच्या तोंडी लागेल असं ओतू नका, खड्डा करून ओता, आणि त्या बरण्या परत लोणच्याला वापरू नका.